सात फुटांची बाग

माझे वडील मेंढरं राखायचे आणि मी बागा लावायचो. म्हणजे त्यांच्या मेंढरांनी जे खायचं तेच मी जन्मभर लावत आलो, आणि लावलेलं खायला येणाऱ्या शेळ्या-मेंढ्या हाकलण्यात माझी निम्मी नोकरी गेली. आमचं घर खुटबावचं, धनगराचं. पुढं थोडी जमीन झाली, कळप आटला, पण आबांच्या खांद्यावरचं घोंगडं काही उतरलं नाही. दौंडला रेल्वेच्या बंगल्यांवर मला माळीकाम मिळालं तेव्हा त्यांनी विचारलं, "काय करावं लागतं तितं?"

मी म्हणालो, "हरळी लावायची."

हरळी काय चीज आहे हे शेतकऱ्याला सांगायला नको. खणून काढा, मुळ्या वेचा, बांधावर वाळवून जाळा, पावसाळ्यात बाई परत हजर.

"लावायची? काढायची न्हाई?"

"लावायची. रोज पाणी घालायचं. वाढली की कापायची."

"कापून मेंढरास्नी?"

"न्हाई. टाकून द्यायची."

आबा आईकडं वळून म्हणाले, "पोराला बरं न्हाई. दोन दिस घरीच ठिव त्याला."

मी मात्र दुसऱ्याच दिवशी गाडीत बसलो. पन्नास साल उलटून थोडाच काळ झाला होता. साहेब लोक गेले होते, पण त्यांची हिरवळ, त्यांची गुलाबाच्या वाफ्यांची हौस आपल्या लोकांनी खुर्च्यांबरोबर घेतली होती. तिथं हुसेनमामा नावाचे जुने माळी होते. त्यांची तिसरी पिढी दौंडात. मामांनी मला पहिले पंधरा दिवस कुदळीला हात लावू दिला नाही. त्यांनी दहा-बारा खुंट्या हातात दिल्या आणि एका बंगल्याच्या अंगणात बसवलं. सकाळी सावली कुठवर येते तिथं एक खुंटी, बारा वाजता एक, चार वाजता एक. मी म्हणालो, "मामा, बाग कवा लावायची?" मामा म्हणाले, "लावतोयस की. झाड लावणं हे शेवटचं काम असतंय. आधी ऊन कुठं राहतं ते बघ."

बाहेरच्या माणसाला माळीकाम म्हणजे खड्डा, रोप आणि पाणी एवढंच वाटतं. खरं तर आमच्या भागात पहिलं भांडण असतं जमिनीशी. दौंडकडची काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर घातलेली फरशीसुद्धा वर्षभरात हलायला लागते. दुसरं भांडण पाण्याशी, कारण बऱ्याच विहिरी मचूळ. आणि तिसरं, सगळ्यात चिवट, मालकाशी. मालकानं कुठंतरी, कुणाच्या तरी पुण्याच्या बंगल्यात काहीतरी पाहिलेलं असतं आणि ते त्याला जसंच्या तसं इथं पाहिजे असतं.

मालकाला घराच्या दोनच बाजू माहीत असतात. पुढची, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावी म्हणून, आणि मागची, जिथं चूल, विहीर, धुणं. घर आणि कुंपण यांच्या मध्ये जी पाच-सात फुटांची कडेची पट्टी उरते तिला कुणी विचारत नाही. तिथं मोडकी खाट, फुटका रांजण, मोरीचं पाणी आणि शेजाऱ्याची मांजर. दौंडच्या क्वार्टरांना तर अंगण नसायचंच, एवढी एक पट्टी काय ती असायची. मी नवखा होतो, पुढच्या बागा मामांच्या हातात, म्हणून कडेच्या पट्ट्या माझ्या वाट्याला आल्या. मोरीच्या पाण्यावर कर्दळ आणि अळू, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला वेल, सावलीच्या बाजूला नेचे, असं करत करत मला त्यात गोडी लागली आणि लोक मला पट्टीवाला माळी म्हणायला लागले. हे नाव कौतुकानं ठेवलंय की चेष्टेनं, ते मी कधी विचारलं नाही.

चुकाही केल्या. एका डॉक्टरांनी पाच फुटांच्या पट्टीत जांभूळ मागितलं. मी "होणार नाही" म्हणायला हवं होतं. पण डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या चहात वेलदोडा होता. जांभूळ जोमानं वाढलं, आणि सहा-सात वर्षांनी त्यांच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. डॉक्टर मला एक शब्द बोलले नाहीत. फक्त मी ताप घेऊन गेलो की इंजेक्शनची सुई जरा जाडी निवडायचे, असा माझा समज आहे.

एक गार्डसाहेब होते. मालगाडीवर गार्ड, आणि घरातही वागणं तसंच. त्यांना पट्टीत फक्त तांबडी आणि हिरवी झाडं पाहिजे होती. पिवळं फूल आलं की अस्वस्थ व्हायचे. त्यांच्यासाठी मी तांबड्या कर्दळीची रांग लावली आणि तिच्यातून एक नागमोडी वाट काढली, दोन्ही कडांना विटा तिरप्या रोवून. करवतीच्या दात्यांसारखी ती कड दिसायची. बंगल्यांवर तशीच असायची आणि मला तिचा फार अभिमान होता. ती वाट गार्डसाहेबांच्या सासऱ्यांनी पाहिली, आणि त्यातून मी शिरूरला पोचलो.

सासरे म्हणजे आप्पा. सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर साखळी टाकून लोकांच्या जमिनी मोजल्या, आता मोजायला काही उरलं नाही म्हणून घरात चालतानाही पावलं मोजत असावेत असं वाटायचं. शिरूरला घोडनदीपासून जवळच त्यांचं घर. पूर्वेला तोंड, आणि दक्षिणेच्या अंगाला सात फूट रुंद, चाळीस फूट लांब पट्टी. स्वयंपाकघराच्या दारापासून मागच्या विहिरीपर्यंत. पलीकडं शेजाऱ्याची छातीएवढी भिंत. ऊन भरपूर. माझ्या दृष्टीनं सोनंच होतं.

"मला भडक रंगाची फुलं पाहिजेत," आप्पा म्हणाले. "लाल, पिवळी, शेंदरी. लांबून दिसली पाहिजेत."

"लांबून बघायला तिथं जागा कुठंय आप्पा? सातच फूट."

"तुला सांगितलंय ते कर."

त्यांच्या पत्नी, आम्ही सगळे काकी म्हणायचो, दारात उभ्या होत्या. माहेर केंदूरचं, बोलणं सरळ आणि तिखट. त्या म्हणाल्या, "त्यांना काय विचारतोस? फुलाला लांबी, रुंदी आणि क्षेत्रफळ असतं एवढंच त्यांना ठाऊक. तू काय काय आणणार ते मला सांग."

मी नावं सांगितली. झेंडू, कर्दळ, जास्वंद, सदाफुली. प्रत्येक नावाला त्या विचारत, "कशी दिसते?" मला वाटलं बाई माझी परीक्षा घेताहेत. मीही चढून सांगायचो. कर्दळ म्हणजे जणू दिवाळीत पेटवलेली पणती, वगैरे. त्या हसायच्या. "माळी आहेस का कीर्तनकार?"

वाटेवरून आप्पांशी खडाजंगी झाली. त्यांना सरळ वाट पाहिजे होती. मी म्हणालो, सरळ वाट म्हणजे बोळ दिसतो, नागमोडी केली की बाग दिसते. आप्पांनी फूटपट्टी काढली, जमिनीवर काडीनं रेघा ओढल्या आणि मला सिद्ध करून दाखवलं की मी चाळीस फुटांचा रस्ता चव्वेचाळीस फुटांचा करतोय. "सरकारी काम असतं तर तुला नोटीस दिली असती," ते म्हणाले. पण काकींनी "करू द्या हो त्याला" म्हटलं आणि मी जिंकलो. वाट नागमोडी झाली, वर तांबडा मुरूम, कडेला माझ्या त्या तिरप्या विटा.

त्या महिन्याभरात मला कितीतरी गोष्टी दिसल्या आणि त्यांतली एकही कळली नाही. काकी प्रत्येक रोपाचं पान चुरगळून वास घ्यायच्या. मी काही न बोलता आलो तरी "आलास?" म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, "आज वहाणा दुसऱ्या घातल्यास वाटतं?" मी खाली बघितलं, खरंच दुसऱ्या होत्या. बाईंची नजर काय बारीक आहे, असं मी दौंडला परतल्यावर मामांना सांगितलं. आज आठवलं की स्वतःचीच कीव येते.

बाग झाली. दसऱ्याला झेंडू फुलला. मी दौंडला परतलो, आणि दिवाळीनंतर एका सकाळी गार्डसाहेब फलाटावर भेटले. हातात झेंडी होती, पण चेहरा नेहमीसारखा नव्हता.

"सोपान, सासूबाई पडल्या. तुझ्या त्या विटांवर. मनगट मोडलं."

मी विचारलं, "घाईत होत्या का?"

"त्यांना दिसत नाही रे," ते म्हणाले. "काचबिंदू. एक डोळा केव्हाच गेलाय, दुसऱ्यानं नळीतून बघितल्यासारखं थोडंसं दिसतं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलंही जाईल. कुणाला सांगायचं नाही अशी त्यांनी आप्पांना शपथ घातली होती. आम्हालाही परवा कळलं."

मग सगळं एकदम उलगडलं. भडक रंग कशासाठी, "कशी दिसते" कशासाठी. आप्पांना, आहे तेवढी नजर संपायच्या आत, काकींना रंग दाखवायचे होते. आणि मी त्या बाईच्या रोजच्या सरळ, ओळखीच्या वाटेला चार वळणं देऊन दोन्ही बाजूंना दातेरी विटा रोवल्या होत्या.

त्यांनी पुढं सांगितलं की आप्पांनी सगळी बाग उपटून शहाबादी फरशी घालायचं ठरवलंय, आणि काकींना आता घरात एका खोलीत बसवून ठेवायचं. पाणी आणायला बाई ठेवलीय. काकी दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत.

मी शिरूरला जायला पाहिजे होतं. गेलो नाही. तोंड दाखवायची हिंमत होईना. रजा टाकून खुटबावला गेलो आणि ओट्यावर बसून राहिलो. आबा लोकर कातत बसले होते. त्यांनी काही विचारलं नाही, म्हणून मीच सगळं सांगून टाकलं. चाती फिरवत त्यांनी ऐकून घेतलं.

"तितं खाली काय हाय?" त्यांनी विचारलं.

"काळी जमीन. वर मुरूम टाकलाय."

"या टोकापातूर त्या टोकापातूर मुरूमच?"

"व्हय."

"मग तिला कळावं कसं, कुठवर आलो त्ये?" आबा म्हणाले. "डोळ्याला इतकं रंग दिलंस. पायाला काय दिलंस?"

मी माझ्या पायांकडं बघितलं.

"कळप घेऊन चालताना धुकं पडलं की हात पुढचा दिसत न्हाई. तवा आमी काय वरडत बसतो व्हय? पायाखाली वाळू आली की वढा आला. ढेकळं लागली की नांगरल्यालं रान. गोटं लागलं की थांबायचं, पुढं उतार हाय. पाय समदं सांगतो. तुमी बूट घालून त्येचं तोंड बंद केलंया." मग चाती बाजूला ठेवून म्हणाले, "कवा जायाचं शिरूरला?"

"मी जाऊ?"

"आपुन दोघं. तू एकटा गेलास तर परत हरळी लावून येशील."

त्याच सुमारास गार्डसाहेबांकडून निरोप आला. काकींनी सांगितलेलं त्यांनी शब्दाला शब्द लिहून घेतलं होतं: "सोपानला पाठवावे. येताना तोंड पाडून येऊ नये, मला दिसणार नाही, त्यामुळे त्याचा काही उपयोग नाही."

आम्ही चौफुल्यावरून एस.टी.नं गेलो. आप्पा दारात उभे होते. त्यांनी मला आत या म्हटलं नाही. फरशांची चळत अंगणात येऊन पडली होती. मी कसंबसं म्हणालो, "आप्पा, चूक झाली. तुमची सरळ वाटच बरोबर होती."

आप्पा म्हणाले, "बरोबर असून काय करायचंय आता?"

तेवढ्यात आबांनी वहाणा काढल्या, डोळे मिटले आणि कुणाला न विचारता पट्टीत चालायला लागले. दहा पावलांवर त्यांचा पाय विटांना लागला, पुढं कर्दळीत शिरले, आणि तिथून सरळ शेजाऱ्याच्या भिंतीवर. धडकल्याचा आवाज आला. तो ऐकून काकी गळ्यात अडकवलेला हात सांभाळत दारात आल्या.

"कोण आहे?"

"सोपानचा बाप," आबा भिंतीपासून म्हणाले.

"तुम्हालाही दिसत नाही का?"

"दिसतंय ताई. डोळं मिटल्यात."

"मग उघडा की. ज्यांना जमतं त्यांनी तरी उघडे ठेवावेत."

आबा म्हणाले, "उघडलं तर तुमची अडचण कशी कळायची? हितं काय बी वळखू येत न्हाई. माझं पोरगं गुणी हाय पर त्येनं समदं वरच्या अंगाला केलंया."

काकी हसल्या. गार्डसाहेबांनी नंतर सांगितलं की पडल्यापासून त्या पहिल्यांदाच हसल्या होत्या. आप्पांनीही ते पाहिलं असावं, कारण थोड्या वेळानं ते आबांना म्हणाले, "आत या. चहा घ्या."

चहा पिताना ठरलं. खरं तर आबा आणि काकी बोलत होते आणि मी फक्त ऐकत होतो. काकी म्हणाल्या, "ह्यांनी फरशी घातली तर मी त्या बोळात पाऊल टाकणार नाही. सगळं गुळगुळीत. गेल्यासारखंही वाटायचं नाही." मी सुचवलं, बांबूचा कठडा करू, धरून चालता येईल. त्यावर त्या म्हणाल्या, "दावंच बांध ना त्यापेक्षा. म्हणजे हे संध्याकाळी सोडून आणतील." कठडा बारगळला.

दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या हातानं माझ्या विटा उपटल्या. एकेक वीट काढताना जे वाटत होतं ते इथं लिहीत नाही. वाट सरळ केली, दोरी लावून, आणि दोरीचं एक टोक आप्पांच्या हातात दिलं. ते त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलले. "पाव इंच डावीकडं घे," एवढंच म्हणाले, पण आवाज मऊ होता.

दारापासून पहिले दहा फूट घोडनदीची बारीक वाळू, चांगली धुमस मारून बसवलेली. पुढचे दहा फूट विटांचा चुरा. त्यापुढं इंजिनातल्या जळक्या कोळशाचे खडे. ते मी दौंडहून दोन पोती आणले, पायाखाली करकर वाजतात. शेवटी विहिरीच्या अलीकडं चार फूट नदीतले गोल गोटे, अर्धे पुरलेले. गोटे लागले की थांबायचं, हात पुढं करायचा, रहाट हाताला लागतो. आप्पांच्या फरशांपैकी दोन विहिरीच्या कडेला बसवल्या, त्यांनाही वाटलं पाहिजे की त्यांच्या मताला मान दिला.

मग झाडं. जिथं जमीन बदलते तिथं वास बदलायचा, असं काकींनीच ठरवलं. वाळू संपते तिथं मरवा, चुरा संपतो तिथं सब्जा, खडे संपतात तिथं गवती चहा. तो चालताना लुगड्याला घासला की वास देतो. भिंतीला कंबरेएवढा ओटा बांधून त्यावर कुंड्या, म्हणजे वाकायला नको. जाईचा वेल विहिरीच्या खांबावर. मी भीत भीत विचारलं, "कर्दळ काढू का?" काकी म्हणाल्या, "राहू दे. अजून थोडी लाल दिसते. आणि ह्यांना आवडते."

हे सगळं करताना आबा ओट्यावर बसून होते आणि दर घटकेला डोळे मिटून वाट चालून बघत होते. शेजारच्या बाईंनी काकींना विचारलं, "तुमच्याकडं कुणी साधूमहाराज उतरलेत का?"

मनगटाचं प्लास्टर निघालं त्या आठवड्यात काकी पहिल्यांदा चालल्या. अनवाणी. आम्ही सगळे दारात. आप्पा मात्र त्यांच्या मागं दोन हात पसरून, जणू पडणारं भांडं झेलायला. काकी वाळूवरून चुऱ्यावर आल्या आणि थांबल्या.

"तुम्ही मागून येऊ नका," त्या न वळता म्हणाल्या.

"का?"

"तुमच्या वहाणांच्या आवाजात मला माझे पाय ऐकू येत नाहीत."

आप्पांनी वहाणा काढल्या. पण मागून गेले नाहीत, तिथंच उभे राहिले. काकी पुढं गेल्या, खडे करकरले, गवती चहापाशी लुगडं घासलं. गोट्यांवर पाय पडला तशा थांबल्या, हात पुढं केला. रहाट धरला. घागर सोडली, भरली, ओढून वर घेतली. परत येताना घागर कमरेवर होती. आप्पा चष्मा पुसत होते. आबांनी मला कोपरानं ढोसलं आणि हळूच म्हणाले, "धंदा वंगाळ न्हाई तुजा."

माझ्या वडिलांनी माझ्या कामाला दिलेलं हे एकमेव प्रशस्तिपत्रक. त्यानंतर ते चार वर्षं जगले, पण पुन्हा असं काही बोलले नाहीत. उलट गावात सांगायचे की शिरूरला एक बाग त्यांनी लावलीय, पोरगं मदतीला होतं. मी कधी खोडलं नाही, कारण ते खरंच होतं.

काकींची नजर दोन-तीन वर्षांत पूर्ण गेली. त्या विहिरीवर जायच्या थांबल्या नाहीत. मी वर्षातून दोनदा जायचो, खडे भरायचो, कुंड्या बदलायचो. एकदा मरवा मिळाला नाही म्हणून मी त्या जागी दवणा लावला आणि काही बोललो नाही. काकी दारातून चार-पाच पावलं गेल्या आणि म्हणाल्या, "सोपान, मी कुणाच्या घरात आले?" पुन्हा कधी मी तसं धाडस केलं नाही. नंतर नंतर कुणाकुणाच्या सासवा, आजोबा यांच्यासाठी मी अशा पट्ट्या केल्या, केडगावला, पाटसला. प्रत्येक ठिकाणी आधी डोळे मिटून, अनवाणी चालून बघायचो. मालक लोक चमकून बघायचे. हुसेनमामांना हे सांगितलं तर म्हणाले, "मी तुला सावली बघायला शिकवलं. ही दुसरी शाळा कुणाची?" मी म्हणालो, "बापाची." मामा म्हणाले, "मग त्यांनाच आधी विचारायचं होतंस. माझे पंधरा दिवस वाचले असते."

शेवटचा गेलो तेव्हा साठ साल मागं पडून बरीच वर्षं झाली होती. मी नोकरी सोडायच्या बेतात होतो. पिशवीत नेहमीप्रमाणं चार रोपं होती. आप्पा बाजारात गेले होते, आणि काकींनी मला पट्टीतून नेलं. म्हणजे त्याच पुढं, मी मागं, माझा हात त्यांच्या हातात. "खाली वाक," त्या म्हणाल्या, "जाईची फांदी आलीय." मी दुसरीकडं बघत होतो, फांदी कपाळावर बसली. त्या हसल्या.

मग मरव्यापाशी थांबून त्यांनी आवाज खाली आणला. "हा मेलाय. चार दिवस झाले, वासच नाही. फार पाणी झालं."

मी वाकून बघितलं. रोप पार कुजलं होतं. आळं मात्र ओलंचिंब.

"आप्पांना दिसत नाही का?" मी विचारलं.

"आता फारसं नाही," त्या म्हणाल्या. "पण ते कबूल करत नाहीत. रोज सकाळी तांब्या घेऊन येतात, त्याला पाणी घालतात आणि मला सांगतात, किती हिरवागार आहे. तू त्यांना काही बोलू नकोस."

मी मेलेलं रोप काढून पिशवीत लपवलं आणि त्या जागी नवा मरवा लावला. माती हातानं दाबली, वरून जुनी माती पसरली. काकी उभ्या राहून ऐकत होत्या. एक पान चुरगळून त्यांनी वास घेतला आणि मान हलवली.

थोड्या वेळानं आप्पा आले. काठी टेकवली, घरात न जाता सरळ पट्टीत आले आणि वाकून त्या रोपावर बोटं फिरवली. पानं त्यांच्या हाताला लागली तसे ते ताठ उभे राहिले.

"बघ सोपान," ते म्हणाले. "तू म्हणतोस पाणी बेतानं घाला. माझ्या पाण्यानं कसा तरारलाय."

काकी दाराकडं तोंड करून म्हणाल्या, "हो ना. सगळं तुमच्यामुळंच."